पकड बसते कशी, सुटते कशी

पहाटेच्या तालमीला तिचा एक वास असतो. ताक, लिंबू, हळद, काव, तेल मुरवून मळलेली लाल माती, आणि दोन तास लढत झाली की तिच्यात मिसळलेला घाम. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका तालमीत मी अधूनमधून कुस्तीच्या हौद्याच्या काठावर जाऊन बसतो. परवा तिथं सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा त्याच्याहून वजनदार जोडीदाराशी खडाखडी करत होता. पंजात पंजे अडकलेले, मानेवर मान रेटलेली. कुणी पुढं सरकेना, कुणी मागं हटेना. बऱ्याच वेळानं वस्ताद म्हणाले, "बास, सोडा आता." जोडीदारानं हात सोडले, पण या पोराची बोटं वळलेलीच राहिली.

"आरं सोड की."

"सोडतोय वस्ताद, सुटंना."

आणि तो डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडायला लागला.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. स्नायूंचा धडा आला की मुलं आकुंचन पाठ करतात आणि शिथिलन एका ओळीत उरकतात. पुस्तकातही ते तसंच असतं. पण स्नायू खऱ्या अर्थानं समजायचा असेल, तर त्या पोराच्या न उघडणाऱ्या बोटांपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. पकडणं हे निम्मंच काम आहे. सोडायलाही शरीराला किंमत मोजावी लागते, आणि ती ऊर्जेतच मोजावी लागते.

आधी एक साधी गोष्ट मनात पक्की करू. स्नायू फक्त ओढतो. ढकलणं त्याला येतच नाही. जोर मारताना आपण जमीन ढकलतो असं वाटतं, पण आत दंडाच्या मागचा स्नायू आखडून कोपराचं हाड ओढत असतो आणि त्यामुळं हात सरळ होतो. हात वाकवायचा तर दंडाच्या पुढचा स्नायू ओढतो. म्हणून हाडांवरचे स्नायू बहुतेक जोडीजोडीनं असतात. एकानं ओढलं की दुसऱ्यानं सैल सोडायचं. दोघांनी एकदमच ओढलं तर सांधा जागच्या जागी घट्ट होतो. खडाखडीत नेमकं हेच चालतं, म्हणून बाहेरून काहीच हलताना दिसत नाही आणि दोघंही घामानं निथळतात.

शरीरात असे सहाशेहून जास्त स्नायू हाडांना बांधलेले आहेत. पाठ्यपुस्तकात त्यांना पट्टकी स्नायू म्हणतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर फिकट आणि गडद पट्टे आडवे दिसतात. हृदयाचा स्नायूही पट्ट्यांचाच, पण त्याची जात वेगळी. तिसरे अपट्टकी स्नायू, ज्यांच्यावर पट्टे नसतात. ते आतड्याच्या, रक्तवाहिन्यांच्या, गर्भाशयाच्या भिंतीत असतात. तिघांचे स्वभाव वेगळे आहेत, पण ओढण्याचं मूळ यंत्र तिघांतही एकच आहे. ते आधी बघू.

पट्टकी स्नायूचा एक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी. जाडीला साधारण केसाएवढी किंवा त्याहून बारीक, पण लांबीला कित्येकदा दहा सेंटिमीटरहूनही जास्त. तिच्या आत आणखी बारीक दोऱ्या असतात आणि प्रत्येक दोरी म्हणजे एकापुढं एक जोडलेल्या खणांची रांग. या खणाला सार्कोमिअर म्हणतात. एक खण सुमारे अडीच मायक्रोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे चारशे खण बसतात.

आता दोन्ही हात समोर धरा, तळवे छातीकडं, आणि एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांच्या फटीत थोडी घाला. आता हात एकमेकांकडं सरकवा. बोटं आखूड झाली का? नाही. ती एकमेकांत जास्त शिरली, आणि दोन मनगटांमधलं अंतर कमी झालं. स्नायू आखडतो म्हणजे एवढंच होतं. खणात दोन प्रकारचे धागे असतात. जाड धागा मायोसिन या प्रथिनाचा, बारीक धागा अ‍ॅक्टिनचा. कुठलाच धागा आखूड होत नाही, बारीक धागे जाड धाग्यांच्या मधून आत सरकतात. ही कल्पना 1954 साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात मांडली. एकात अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के, दुसऱ्यात ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी काही नातं नव्हतं. त्याआधी स्नायूतलं प्रथिन स्वतःच गुंडाळून आखूड होतं, असा समज होता.

हे सरकवतं कोण? मायोसिन. त्याच्या प्रत्येक रेणूला दोन डोकी असतात. एका जाड धाग्यात सुमारे तीनशे रेणू, म्हणजे सहाशेच्या आसपास डोकी बाहेर आलेली. विहिरीतून पोहरा ओढताना आपण काय करतो ते आठवा. एका हातानं दोर धरायचा, ओढायचा, तोवर दुसरा हात पुढं जाऊन धरणार, मग पहिला सुटणार. सगळे हात एकदम सोडले तर पोहरा विहिरीत. मायोसिनची डोकी तसंच करतात. एक डोकं अ‍ॅक्टिनला धरतं, मान वाकवून ओढतं, सोडतं, पुन्हा पुढं जाऊन धरतं. एका ओढीत धागा सरकतो जेमतेम दहा नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग.

इतक्याशा सरकण्यानं ढाकेसारखा कुस्तीचा डाव कसा बसतो, हा प्रश्न वर्गात दर वर्षी येतो, आणि तो मला फार आवडतो. उत्तर रांगेत आहे. दहा सेंटिमीटरच्या तंतूत चाळीस हजार खण एकापुढं एक. प्रत्येक खण फक्त अर्धा मायक्रोमीटर आखूड झाला, तरी एकूण दोन सेंटिमीटर होतात. हाड सांध्याजवळच ओढलेलं असतं, त्यामुळं स्नायू दोन सेंटिमीटर आखडला की हाताचा पंजा कितीतरी लांब फिरतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

ओढण्याची सोय झाली. पण डोकी कायमच धरायला टपलेली असतात, मग आपण सतत आखडलेले का नसतो? कारण अ‍ॅक्टिनच्या धाग्यावर ट्रोपोमायोसिन नावाची एक लांब दोरी पडलेली असते आणि धरायच्या जागा ती झाकून ठेवते. तिला जागच्या जागी धरणारं कुलूप म्हणजे ट्रोपोनिन. आणि किल्ली आहे कॅल्शियम, तेच जे हाडात असतं. मेंदूचा निरोप मज्जातंतूतून आला की पेशीच्या आतल्या पिशव्यांतून कॅल्शियम बाहेर सांडतं, ट्रोपोनिनला चिकटतं, दोरी बाजूला सरकते, जागा उघड्या पडतात आणि डोकी त्या धरतात.

आता त्या पोराच्या बोटांकडं परत येऊ. पकड सोडायची म्हणजे दोन कामं. पहिलं, सांडलेलं कॅल्शियम पुन्हा पिशव्यांत भरायचं. ते आपोआप परत जात नाही, पंप लावून ओढावं लागतं आणि पंपाला इंधन लागतं. दुसरं, अ‍ॅक्टिनला धरून बसलेलं प्रत्येक डोकं सोडवायचं. त्यालाही इंधन लागतं. हे इंधन म्हणजे एटीपी नावाचा रेणू. आपल्याला वाटतं की डोकं इंधन जाळून धरतं. खरं तर एटीपीचा रेणू येऊन चिकटला की डोकं आधी *सुटतं*, मग तो रेणू फोडून पुढच्या ओढीसाठी ताणून तयार होतं. बराच वेळ जिवाच्या आकांतानं पकड धरली की पेशी थकते, पंप मंदावतो, कॅल्शियम हळूहळू परत जातं. म्हणून थकलेला स्नायू नुसता कमी ओढतो असं नाही, तो सावकाश सुटतो. पोराचं "सुटंना" हे अक्षरशः खरं होतं.

इंधन पूर्णच संपलं तर काय होतं, हे आपल्या सगळ्यांच्या घरात कधी ना कधी घडलेलं आहे. माणूस गेला की घरातली जाणती मंडळी लगेच डोळे मिटवतात, हनुवटी बांधतात, हातपाय सरळ करतात. उशीर झाला तर अंग ताठ होतं, मग काही करता येत नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ठाऊक असतं. श्वास थांबला की नवं एटीपी बनणं थांबतं, कॅल्शियम सुटं होतं, डोकी धरतात आणि सोडवायला कुणी उरत नाही. जबड्यासारख्या लहान स्नायूंत हा ताठरपणा आधी जाणवतो, म्हणून हनुवटीची घाई.

रविवारी मटणाच्या दुकानात उभं राहिलात तर याची आधीची पायरी दिसेल. नुकत्याच कापलेल्या बोकडाच्या मांडीवर कधीकधी मांस बारीक फडफडत असतं. बकरं केव्हाच गेलेलं, पण पेशीत थोडं एटीपी शिल्लक असतं, म्हणून तंतू अजून धरतात आणि सोडतात. थोड्या तासांनी तेच मांस ताठतं. थंडीत दीड-दोन दिवस ठेवलं तर पुन्हा सैल पडतं, पण ते डोकी सुटल्यामुळं नाही. पेशीतलीच विकरं, म्हणजे एन्झाइम, खणांच्या भिंती कुरतडतात म्हणून. मटणाच्या पाटीत जमणारं लालसर पाणीही बहुतांश रक्त नसतं. ते मायोग्लोबिन, स्नायूत प्राणवायू साठवून ठेवणारं लाल प्रथिन. कोंबडीची तंगडी गडद आणि छाती पांढरट असते ती याच्यामुळंच. तंगडी दिवसभर चालते, तिला सावकाश आणि टिकून काम करायचं असतं, म्हणून साठा जास्त. छातीचे स्नायू पंखांचे, एक झडप मारून थकणारे. माणसात दोन्ही जातींचे तंतू एकाच स्नायूत मिसळलेले असतात.

स्नायूतलं आणखी एक प्रथिन मला विशेष प्रिय आहे, टायटिन. माणसाच्या शरीरातल्या प्रथिनांत ते सगळ्यांत मोठं, त्याच्या साखळीत तीस हजारांहून जास्त कड्या. मायोसिनच्या धाग्याला खणाच्या भिंतीशी बांधून ठेवणारी ती स्प्रिंग आहे. स्नायू ताणला तर तीच त्याला जागेवर आणते.

आणि एक प्रथिन असं, की ते नसलं तर घर हादरतं. डिस्ट्रोफिन पेशीच्या आतल्या धाग्यांना पेशीच्या आवरणाशी बांधतं. ते तयार होत नसेल तर प्रत्येक आकुंचनाला आवरण फाटत जातं. हा आजार बहुधा मुलग्यांत दिसतो. तीन-चार वर्षांचं पोर वारंवार पडतं, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत उभं राहतं, आणि त्याच्या पोटऱ्या मात्र फुगलेल्या दिसतात. आपल्याकडं अशा पोटऱ्या बघून "पोरगं पैलवान होणार" असं कौतुकानं म्हटलं जातं. पोटऱ्या मोठ्या आणि उठायला त्रास, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर कौतुक बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञाला दाखवा. लवकर कळलं तर चालणं टिकवण्यासाठी बरंच करता येतं.

तालमीत नव्यानं जाणाऱ्यांसाठी आता थोडं सविस्तर लिहितो, कारण इथं भाषाच आपल्याला फसवते. पहिल्या दिवशी बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी अंग आंबतं. "आंबणं" हा शब्दच असा, की आत काहीतरी आंबट साचलं असणार असं वाटतं, आणि लॅक्टिक आम्लाची गोष्ट त्याला चपखल बसते. पण ते आम्ल व्यायाम थांबवल्यावर तासाभरात रक्तातून निघून जातं. अंग दुखतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. खरं कारण आहे उतरताना लागणारा जोर. बैठकीत खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू ओढत असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. डोक्यांनी धागा धरलेला आणि वजनानं धागा उलटा खेचला जातोय, अशा रस्सीखेचीत काही खण विस्कटतात. मग सूज, मग दुखणं. शरीर ते खण पुन्हा बांधतं, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच बैठकांना तेवढं दुखत नाही. म्हणून जुने वस्ताद नव्या पोराला पहिले दिवस मोजक्याच बैठका देतात. ती शिस्त बरोबर आहे.

ती मोडली तर धोका खरा आहे. सवय नसताना ईर्ष्येनं पाचशे बैठका मारल्या, त्यात पाणी प्यायलं नाही, तर स्नायूच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटतात आणि आतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं. ते मूत्रपिंडात जाऊन अडकतं. लघवी काळ्या चहासारखी होते. मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या आणि लघवीचा रंग असा दिसला, तर मालिश, शेक काही करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हृदयाचा स्नायू पट्टकीच, पण त्याच्या पेशी आखूड, फाटे फुटलेल्या आणि टोकाला टोक जोडून बांधलेल्या. जोडाच्या जागी विजेचा निरोप एका पेशीतून दुसरीत थेट जातो, त्यामुळं सगळं हृदय एका लयीत आखडतं. निरोपही मेंदूकडून यावा लागत नाही, हृदय तो स्वतःच तयार करतं. मिनिटाला 72 ठोके धरले तर दिवसाला एक लाखावर होतात. हाताच्या स्नायूला निरोपावर निरोप दिले तर तो सलग आखडलेला राहू शकतो. हृदयाला तशी मुभाच नाही. एका ठोक्यानंतर त्याची पेशी काही काळ नवा निरोप ऐकतच नाही, आणि तेवढ्यात ते सैल पडून रक्तानं भरतं. त्याहून सुंदर गोष्ट पुढं आहे. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीला स्वतःचं रक्त मिळतं, तेही मुख्यतः सैल पडल्यावरच. आखडलेलं असताना तिच्या आतल्या वाहिन्या दाबलेल्या असतात. म्हणजे सगळ्या शरीराला पाजणारं हृदय स्वतः जेवतं ते दोन ठोक्यांच्या मधे.

कॅल्शियमची किल्लीही पहिल्यांदा हृदयातच सापडली. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करत होते. हृदय छान चालत राहिलं. मग लक्षात आलं की पाणी शुद्ध केलेलं नव्हतं, नळाचंच होतं. शुद्ध पाणी वापरलं तर ठोके मंदावून थांबायचे. नळाच्या पाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हृदय चालवत होता. हे 1883 साली प्रसिद्ध झालं. त्या कॅल्शियमला धरणारं ट्रोपोनिन सापडलं जपानमध्ये 1960च्या दशकात, सेत्सुरो एबाशी यांच्या प्रयोगशाळेत.

आणि आज तेच ट्रोपोनिन दवाखान्यातल्या रिपोर्टवर असतं. हृदयाच्या पेशी मेल्या की त्यांचं ट्रोपोनिन रक्तात येतं. हृदयातलं ट्रोपोनिन हातापायातल्यापेक्षा थोडं वेगळं असल्यानं ते ओळखता येतं. पण ते वाढायला काही तास लागतात. म्हणून छातीत दुखायला लागल्यावर लगेच केलेली पहिली तपासणी चांगली आली, तरी डॉक्टर थांबवून घेतात आणि पुन्हा रक्त काढतात. "रिपोर्ट नॉर्मल आहे, गॅस असेल" म्हणत पेशंटला घरी नेऊ नका. मेलेली पेशी हृदय जवळजवळ भरून काढत नाही, तिथं व्रण उरतो.

राहिले अपट्टकी स्नायू. खासबाग मैदानात हलगी कडाडली, घुमकं घुमलं की अंगावर काटा येतो ना? प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा अपट्टकी स्नायू असतो, तो केस उभा करतो. ठरवून काटा आणता येत नाही, कारण हे स्नायू आपल्या हुकमात नाहीत. आतड्यातला घास तेच पुढं ढकलतात. दम्यात श्वासनळ्या तेच आवळतात, आणि पंपातलं औषध त्यांनाच सैल करतं. त्यांच्यातही अ‍ॅक्टिन आणि मायोसिन आहेत, पण धागे आडवेतिडवे, म्हणून पट्टे नाहीत. ट्रोपोनिनही नाही. तिथं कॅल्शियम दुसऱ्याच एका प्रथिनामार्फत मायोसिनला जागं करतं, त्यामुळं सगळं सावकाश चालतं. पण त्यांना एक गोष्ट साधलीय जी पैलवानाच्या पंजाला साधत नाही. त्यांची डोकी धाग्याला धरून, फार थोडं इंधन खर्चून, बराच वेळ तशीच राहू शकतात. रक्तवाहिनीची भिंत जन्मभर ताण धरून असते, थकत नाही.

या स्नायूंचं सगळ्यांत मोठं काम बाळंतपणात दिसतं. कळ येते तेव्हा गर्भाशय आवळतं आणि वारेकडं जाणारं रक्त कमी होतं. कळ ओसरली की रक्त पुन्हा वाहतं आणि बाळाला प्राणवायू मिळतो. म्हणून दोन कळांमधला विसावा बाळासाठी असतो, आणि कळा एकमेकींना चिकटून यायला लागल्या की डॉक्टर, नर्स सावध होतात. पण बाळ बाहेर आलं, वार पडली, की सगळं उलट होतं. जिथून वार सुटली तिथं वाहिन्या उघड्या असतात, आणि गर्भाशयाचे आडवेतिडवे तंतू त्यांच्याभोवती आवळले तरच रक्त थांबतं. आता सैल पडून चालत नाही. म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, आणि नर्सबाई बाळंतिणीच्या बेंबीखाली हात ठेवून दर थोड्या वेळानं दाबून बघतात. हाताखाली नारळासारखा घट्ट गोळा लागला की मगच त्या बाळाकडं वळतात.